मागचा बाक

१

शनिवारी सकाळी ट्रक बघायला जायचं, हे हेन्झेल नवरा-बायकोचं पानगळ सुरू झाल्यापासून ठरूनच गेलं होतं. बाकीची माणसं बाजाराला जातात तशी ही दोघं ट्रक बघायला जात. आल्मुट पावाला लोणी लावायची, अंडी उकडायची, थर्मासमध्ये कॉफी भरायची. फोल्कमार तोवर त्या दिवशीच्या गाडीची सगळी माहिती वाचून पाठ करायचा. मग दोघं आपल्या लहान गाडीत बसून कुठल्या तरी लष्करी आवारात, नाहीतर कुणा शेतकऱ्याच्या खळ्यात जाऊन पोचत. तिथं फोल्कमार ट्रकच्या खाली झोपायचा आणि आल्मुट त्याची टोपी धरून उभी राहायची.

ट्रक साधा नको होता. चारही चाकांनी ओढणारा, दगडधोंड्यांतून आणि ओढ्यांतून जाणारा हवा होता. त्याच्या पाठीवर लाकडी खोली बांधायची, खोलीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि निघायचं. आधी बाल्कन, मग जॉर्जिया, मग जमेल तिथवर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून फोल्कमारच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. घरमालकाला नोटीस देऊन झाली होती, मार्चअखेर घर सोडायचं होतं. आल्मुटनं गावाबाहेरच्या बागांच्या वसाहतीतला आपला भाड्याचा तुकडासुद्धा देऊन टाकला होता, तिथल्या लाल बेरीच्या झुडपांसकट. म्हणजे ट्रक ही आता सहलीची गाडी राहिली नव्हती. तेच घर होणार होतं. दुसरं घर उरलं नव्हतं.

अडचण वजनाची होती. फोल्कमारचं लायसन्स जुन्या काळचं, राखाडी कागदाचं. त्यावर साडेसात टनांपर्यंतच गाडी चालवता येते. त्याहून जड हवी तर नव्यानं परीक्षा द्यायची, डॉक्टरला डोळे दाखवायचे. आल्मुटनं एकदा सुचवून पाहिलं होतं. "या वयात पोराटोरांच्या शेजारी बसून धडे गिरवू?" एवढंच म्हणून तो उठून गेला होता. तेव्हापासून हिशोब ठरला: खोली बांधायच्या आधी, मोकळा ट्रक पाच टनांच्या आत भरला पाहिजे. बाकीचं वजन संसाराचं.

फेब्रुवारीपर्यंत दोनच गाड्या उरल्या. एक लष्कराची, हिरवी, वायरलेसची. दुसरी म्हणजे एका खेडेगावच्या अग्निशमन दलाचा लाल बंब.

हिरव्या गाडीत ड्रायव्हरशेजारी चांगली जागा होती. बंबात ती जागा वायरलेसच्या लोखंडी पेटीनं खाल्ली होती, त्यामुळं दुसऱ्या माणसानं बसायचं ते ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर. आल्मुटनं दोन्हीकडं बसून पाहिलं नव्हतं, पण तिला बसून बघायची गरजही वाटली नव्हती.

"हिरवी घे," ती म्हणाली. "मला तुझ्या शेजारी बसायचंय. एवढं जग बघायचं ते तुझ्या मानेकडं बघत नको."

"बघू," फोल्कमार म्हणाला.

२

बंब होता तो वेंडलंड भागातल्या एका गावी. गाव म्हणजे गोलाकार उभी दहाबारा घरं आणि मध्ये ओकची झाडं. गावच्या दलाचा शेवटचा प्रमुख नीबुर यानं गाडी आपल्याच खळ्यात ठेवली होती. सत्तरी ओलांडलेला, उंच, पाठीत वाकलेला माणूस. हात पुसत बाहेर आला आणि त्यानं आधी आल्मुटशी हात मिळवला, मग फोल्कमारशी.

फोल्कमारला गाडी चालवून बघायची होती. नीबुरनं किल्ली दिली. आल्मुटला थंडी वाजत होती. नीबुर तिला म्हणाला, तुम्ही आत चला, कॉफी झाली आहे. म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि फोल्कमार एकटाच गाडी घेऊन गेला. हे तिला नीट आठवत होतं. पुढं तिनं ते कितीदा तरी आठवून पाहिलं. टेबलावर मेणकापड होतं, लोणी-साखरेचा पातळ केक होता, आणि तिच्या हातात निळ्या काठाचा कप होता.

नीबुर गाडीबद्दल सांगत होता, पण गाडी विकणाऱ्यासारखा नाही.

गावात माणसं होती तोवर दल चाललं, तो म्हणाला. मग पोरं हॅम्बुर्गला, हानोवरला कामाला गेली. रात्री माणसं असायची, दिवसा कुणी नसायचं. आणि आग काय, दिवसाही लागते. भोंगा वाजला की नीबुर धावायचा, त्याचा मेहुणा धावायचा, शेजारची एक बाई यायची. नियम असा की माणसं पुरी झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

"मग काय करायचात?" आल्मुटनं विचारलं.

"इंजिन चालू करून बसायचो," नीबुर म्हणाला. "दारं उघडी ठेवून. कुणीतरी येईल म्हणून. एक जागा कमी पडायची हो, एकच. समोर धूर दिसायचा आणि आम्ही आपले बसलेलो." त्यानं केकचा तुकडा तिच्या बशीत सरकवला. "शेवटी शेवटी तर मागं वळून मोजायचंसुद्धा सोडून दिलं मी. वाटायचं, आज बसला असेल कुणीतरी."

आल्मुटनं कप खाली ठेवला. ती खिडकीबाहेर बघू लागली. शेतापलीकडच्या मातीच्या रस्त्यावरून लाल बंब हळूहळू येत होता. उन्हं तिरपी होती, काचेतून फोल्कमारचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो बोलत होता. एकट्यानं पुटपुटावं तसं नव्हे. मान जराशी मागं कलती करून, हात उडवून, मध्येच थांबून, हसून तो बोलत होता. स्वयंपाकघरातून आल्मुट ते बघत राहिली. घरी तो असा बोलायचा त्याला फार वर्षं झाली होती.

गाडी खळ्यात थांबली. फोल्कमार खाली उतरला, वळसा घालून आला आणि त्यानं मागचं दार उघडलं. उघडून धरलं. कुणी म्हातारं माणूस उतरायचं असेल तर धरतो तसं. मग त्याचं लक्ष घराच्या पायरीवर येऊन उभ्या राहिलेल्या आल्मुटकडं गेलं आणि त्यानं दार लावून टाकलं.

३

रविवारी सकाळी फोल्कमारनं नीबुरला फोन करून सांगितलं की बंब आम्ही घेतोय.

आल्मुट इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली. "आपलं हिरवीचं बोलणं झालं होतं."

"काल तूच म्हणालीस ना," फोल्कमार म्हणाला, "हीच घेऊया म्हणून."

"कधी?"

"गाडीत. चक्कर मारताना."

"मी गाडीत नव्हते, फोल्कमार. मी नीबुरच्या स्वयंपाकघरात होते."

त्यानं तिच्याकडं बघितलं. नवरा बायकोकडं बघतो तसंच, कंटाळून. "झालं का पुन्हा सुरू? आधी हो म्हणायचं आणि मग फिरायचं. आयुष्यभर हेच केलंस. बाग सोडायला तयार झालीस आणि मग चार रात्री रडलीस. काल स्वतःच्या तोंडानं म्हणालीस की बागेची मला आता आठवणसुद्धा येत नाही. मागच्या बाकावर विणायला छान उजेड आहे म्हणालीस. ओह्रिडच्या तळ्याकाठी महिनाभर राहू म्हणालीस. किती बरं वाटलं मला. म्हटलं, आली एकदाची माणसात."

बाल्कनमधल्या त्या ओह्रिडच्या तळ्याचं नाव आल्मुटनं आजवर कधी काढलं नव्हतं. विणकाम तिला येत नव्हतं.

ती इस्त्रीकडं परत वळली. फोल्कमारच्या वडिलांनी शेवटची वर्षं अशीच काढली होती. मेलेल्या भावाशी गप्पा मारायचे, आणि कुणी नाही म्हटलं की चिडायचे. तिला वाटलं, त्याची सुरुवात तर नाही? हे मनात आलं आणि तिला, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं. आजार असेल तर त्याला नाव असतं. डॉक्टर असतो.

पण दिवसभर तिनं त्याला पारखून पाहिलं आणि त्याचं काहीच चुकलं नाही. औषधं वेळेवर घेतली, विम्याचे कागद बरोबर लावले, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नावही त्याला आठवलं. चुकत होती ती एकच गोष्ट, आणि त्या गोष्टीत तो इतका खूश होता की तिला त्या खुशीचाच राग आला. संध्याकाळी जेवताना ती काही बोलली नाही, तर तो म्हणाला, "गाडीत किती मोकळी होतीस. घरात आलं की तुझं तोंड असं का होतं कळत नाही."

शेवटी तिनं त्याच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. म्हणाली, गाडी काट्यावर घाल. पाच टनांच्या आत भरली तर मी शब्द काढणार नाही. एक कणभर जास्त भरली तर हिरवी घ्यायची. हे त्याला पटलं. आकड्यावर त्याचा विश्वास होता.

४

गुरुवारी तात्पुरत्या नंबरपाट्या लावून दोघं नीबुरच्या खळ्यातून बंब घेऊन निघाली. दहा वाजून गेले होते तरी धुकं उठलं नव्हतं. आल्मुट पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसली.

खळ्याला दार असं नव्हतंच, रात्रभर गाडी गारठ्यात उभी होती. पुढचं लोखंड हाताला चावत होतं. पण ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा, जिथं ती बसली, ती कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. रेक्झिनखाली गरम हवेचा पाइप गेला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की इंजिन आत्ताच तर सुरू झालंय. ती बाकावर थोडी सरकून बसली. तिथं बर्फासारखं गार होतं.

समोर फोल्कमारची मान होती. टोपीखाली केस नीट कापलेले, कॉलर इस्त्री केलेली. ती इस्त्री तिनंच केली होती.

गाव मागं पडलं तसा तो बोलायला लागला. रस्त्यावरून नजर न काढता, जरासं मागं कलून. इंजिनाचा आवाज एवढा की तिला निम्मं ऐकू येईना. खोलीत खिडकी कुठं ठेवायची असं काहीतरी तो विचारत होता. आल्मुट उत्तर द्यायला पुढं वाकली, पण तिनं तोंड उघडायच्या आत तो मान हलवून म्हणाला, "बरोबर. माझ्याही मनात तेच होतं."

ती परत मागं टेकून बसली.

तो पुढं काहीतरी विचारत राहिला, थांबत राहिला. प्रत्येक वेळी उत्तराला लागेल तेवढाच थांबायचा. मग हसायचा, नाहीतर म्हणायचा, "हे मला सुचलंच नव्हतं." एकदा तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "नाही गं, त्यात तुझी काय चूक. मीच कधी विचारलं नाही."

हे वाक्य ऐकायला आल्मुटनं काय दिलं नसतं. क्षणभर तिला वाटलं, हे आपल्यालाच म्हणतोय.

"फोल्कमार," ती मोठ्यानं म्हणाली. "मी काहीच बोललेले नाही."

त्यानं मागं बघितलं नाही. जीवघेण्या धुक्यात गाडी चालवणारा माणूस मागं बघत नाही, हे तिलाही कळत होतं. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा झटकला गेला, अंगावर पान पडलं की झटकतो तसा.

५

वजनकाटा धान्याच्या सहकारी गोदामाच्या आवारात होता. जमिनीच्या पातळीत बसवलेली लांबलचक लोखंडी फळी, आणि तिच्या कडेला पाव्लाकची खोली. खोलीच्या कपाळावर लाल दिव्यांचा आकडा. पाव्लाक हा गोरा, जाडा, सारखा काहीतरी चघळणारा माणूस. फोल्कमारला तो नोकरीच्या दिवसांपासून ओळखत होता. खिडकी सरकवून त्यानं विचारलं, कुठं आग लागलीय?

गाडी फळीवर आली, इंजिन बंद झालं. आकडा डळमळला आणि थांबला. चार हजार नऊशे साठ किलो.

"आत!" फोल्कमार म्हणाला. "आपण दोघं धरून आत."

आल्मुट उतरली, फळीवरून बाजूला जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. आता आकडा खाली यायला हवा होता. तिचं वजन काही कमी नव्हतं. आकडा हलला नाही.

पाव्लाकनं आकड्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "तुम्ही उतरलात त्याचा काट्याला काही धक्का बसलेला दिसत नाही," तो म्हणाला. "घरी जेवायला देतो ना हा?"

"काटा बिघडलाय," आल्मुट म्हणाली.

हे पाव्लाकला लागलं. त्यानं खोलीच्या भिंतीशी रचलेल्या बटाट्याच्या पोत्यांतलं एक उचललं आणि धापा टाकत बंबाच्या मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं. आकडा लगेच वर चढला. उचललं, परत खाली आला. त्यानं पोतं खांद्यावर ठेवूनच तिच्याकडं बघितलं, म्हणजे बघा.

"ओल असेल," ती म्हणाली. "चाकांना चिखल." स्वतःशीच बोलल्यासारखी. चिखल माणूस उतरल्यावर वाढत नाही, हे तिला कळत होतं. फोल्कमारला विचारावं तर तो आपल्या जागेवर बसून आकड्याकडं बघत होता, आणि आकडा त्याला हवा तोच होता. त्यात काय कमी झालं नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

ती परत फळीवर चढली आणि बंबाच्या जवळ गेली. पुढच्या सगळ्या काचा स्वच्छ होत्या. मागच्या बाकाकडच्या काचेवर, ड्रायव्हरच्या बरोबर पाठीमागं, आतून वाफ धरली होती. माझाच श्वास, आल्मुटनं मनाशी म्हटलं. मीच बसले होते तिथं आत्तापर्यंत. ती बघत उभी राहिली. वाफेचा डाग कडेनं आक्रसत आक्रसत बशीएवढा झाला. म्हणजे सुकतोय. मग तो पुन्हा पसरला. पुन्हा आक्रसला. पुन्हा पसरला. शांतपणे, घाई न करता, आरामात बसलेल्या माणसासारखा.

काचेच्या आत, वाफेमागं, काहीतरी फिकट होतं. ते तिच्या बाजूला वळलेलं नव्हतं. फोल्कमारच्या बाजूला वळलेलं होतं.

६

आल्मुट मागं सरकली. मग पुढं जाऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली आणि तिनं काचेवर टकटक केलं. फोल्कमारनं काच खाली घेतली नाही. ती तरीही बोलली. इतक्या वर्षांत जे सरळ शब्दांत बोलली नव्हती ते सगळं बोलली. मी या गाडीत बसणार नाही, ती म्हणाली. मला तुझ्याबरोबर यायचं होतं. शेजारी बसून यायचं होतं, म्हणून मी घर सोडलं, बाग सोडली. खाली उतर, फोल्कमार. माझ्याकडं बघ, आत्ता, एकदा. मी इथं आहे.

त्यानं मान वळवली. पण तिच्याकडं नाही. पाठीमागं, दुसऱ्या खांद्यावरून. त्याचा चेहरा निवळला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यानं काहीतरी विचारलं आणि ऐकत राहिला.

मग आतून हसणं ऐकू आलं. काच बंद होती, तरी आलं. मोकळं, जरा बेफिकीर, शेवटाला श्वास घेणारं. ते हसणं आल्मुटच्या ओळखीचं होतं. लग्नाच्या आधी ती तसं हसायची.

इंजिन सुरू झालं. बंब फळीवरून खाली उतरला, गोदामाला वळसा घालून फाटकातून बाहेर पडला आणि धुक्यात शिरला. थोडा वेळ लाल रंग दिसत राहिला, मग नुसता आवाज, मग आवाजही नाही.

ती फळीच्या मधोमध उभी होती. पाठीमागं कुणी शेतकरी ट्रॅक्टरला धान्याची ट्रॉली जोडून थांबला होता. आल्मुटनं वर बघितलं. खोलीच्या कपाळावर लाल दिव्यांत शून्य होतं. तिनं एक पाय उचलून लोखंडावर जोरात आपटला. आवाज झाला नाही. शून्य तसंच राहिलं.

"पाव्लाक," ती म्हणाली.

पाव्लाक खिडकीतून बाहेर वाकला, तोंडातलं गालात सारलं आणि तिच्या अंगावरून, तिच्या आरपार, ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

"काटा रिकामा आहे," तो म्हणाला. "या पुढं."